सुताचं दुसरं टोक

प्रत्येक घरात एक माणूस काम करणारा असतो आणि एक धरणारा असतो. काम करणारा स्टुलावर चढून पंखा पुसतो, धरणारा स्टूल धरतो. काम करणारा भिंतीत खिळा ठोकतो, धरणारा खिळा धरतो. मग अधूनमधून खिळ्याऐवजी त्याचं बोटही कामी येतं. टेपनं खोली मोजायची वेळ आली की आकडा वाचण्याचा मान कुणाचा आणि पलीकडच्या कोपऱ्यात ओणवं होऊन 'धरलंय, धरलंय' असं ओरडण्याचा कुणाचा, हे पत्रिकेतच लिहिलेलं असावं. माझ्या पत्रिकेत धरण्याचा योग प्रबळ आहे. चौतीस वर्षं विमा कचेरीत नोकरी केली, तीही अपघाताच्या दाव्यांच्या खात्यात. अपघात लोकांचे, पैसे कंपनीचे. मी आपला मधे फाईल धरून!

मोटरसायकलच्या बाबतीतही तेच. मला मोटरसायकल चालवता येत नाही. पण मागच्या सीटवर बसण्याचा माझा अनुभव मोठमोठ्या चालकांनाही हेवा वाटावा असा आहे. राजदूत, येझदी, बुलेट, सगळ्यांच्या मागं मी बसलोय. चालवणाऱ्याला गाडी कळते ती हँडलमधून, मागं बसणाऱ्याला मणक्यातून. समोरचा माणूस खड्डा आधी बघतो आणि मग सोसतो. मागच्याच्या नशिबी नुसतंच सोसणं. त्यामुळं मागच्या शॉकॲब्सॉर्बरचं मर्म काय ते आम्हा मागं बसणाऱ्यांनाच ठाऊक. एवढ्या भांडवलावर मी आमच्या भाच्याच्या मोटरसायकलचा तपासनीस नेमला गेलो.

नेमणूक झाली ती फोनवरून. धाकट्या बहिणीचा साताऱ्याहून फोन आला. "दादा, तो गाडी बनवतोय म्हणे."

"बनवू दे की. फाउंड्रीत नोकरीला आहे, गाडी नाही तर काय मोतीचुराचे लाडू बनवेल?"

"चेष्टा नको. सांगाडासुद्धा स्वतः बनवलाय. आता मागचे शॉक बसवायचे राहिलेत. ते निखळले तर काय होतं रे?"

मागचे शॉक निखळले तर काय होतं, ते मी चौतीस वर्षं फायलींतून वाचलं होतं. मी म्हटलं, "काही होत नाही. गाडी जरा बसते."

"खोटं बोलतोयस," ती म्हणाली. "ते वेल्डिंग तुझ्या देखत झालं पाहिजे. तू तिथं उभा राहा. बाकी मला काही समजत नाही."

गाडीत इंजिन होतं ते तिच्या यजमानांच्या येझदीचं. मेहुण्यांना जाऊन सहा वर्षं झाली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची ही दोनशे पन्नास सीसीची टू-स्ट्रोक गाडी. तिला दोन सायलेन्सर आणि एकच दांडा: तोच दांडा किक आणि तोच गिअर! नवख्या माणसाला वाटावं, गाडीचा एक पाय कुणीतरी पळवलाय. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. येझदी हे नाव २०२२ साली नव्या गाड्यांवर परत आलं. पण नवी येझदी घेणारा मनुष्य वेगळा आणि बापाची येझदी न टाकणारा मनुष्य वेगळा. जुना सांगाडा गंजून खलास झाला होता. भाच्यानं तो नंबरासकट पुसून माळ्यावर ठेवला आणि इंजिनासाठी नळ्यांचा नवा सांगाडा घडवायला घेतला.

अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं, की कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी फारकत घेणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा बजावलंय. भाचा म्हणाला, "मामा, रस्त्यावर आणतोय कोण? मित्राच्या उसाच्या रानाशेजारी पडीक जमीन आहे. तिथं मातीचा ट्रॅक केलाय आम्ही. फक्त तिथंच." म्हणजे कायदा संपला आणि ढेकळं सुरू झाली. शॉकची गरज उलट वाढलीच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यानं कधी पाऊल टाकलं नाही, त्याला लोखंड बोलतं हे पटायचं नाही. एका गाळ्यात लेथ गुणगुणतंय, दुसऱ्यात ग्राइंडर किंचाळतोय, तिसऱ्यात कुणी ऑइल इंजिनाच्या भागावर हातोडा मारून नुसत्या आवाजावरून 'तडा हाय' म्हणून निकाल देतोय. आमच्या मिस्त्रींचा गाळा असाच एका बोळात. वय सत्तरीपलीकडचं. भाच्याला फाईल कशी धरायची इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. हाताखाली एक विशीतला पोरगा, त्याला सगळे बारक्या म्हणत. बारक्या चांगला सहा फूट उंच होता.

"या की साहेब," मिस्त्री म्हणाले. "बसा. च्या सांगतो. तुमी काय करनार?"

"मी उभा राहणार," मी म्हटलं. "बहिणीनं सांगितलंय."

"मग ह्ये धरा," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात सुताचं टोक दिलं. पत्रिका खोटी ठरत नाही ती अशी!

ते सूत मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघायचं. चाकं रेषेत आली, मग खरं काम. मागचं चाक ज्या लोखंडी काट्यात बसतं तो काटा एका आडव्या दांड्याभोवती वरखाली होतो. मिस्त्री म्हणाले, हा दांडा म्हणजे घरातला थोरला माणूस. सगळी मापं त्याला विचारून. शॉकचं खालचं टोक काट्यावर आणि वरचं सांगाड्यावर. ही दोन टोकं ज्यात अडकवायची ती पकड घडवणं, एवढंच ते काम. ऐकायला फार सोपं. लग्न म्हणजे दोन टोकं जुळवणं, हेही ऐकायला सोपंच वाटतं.

लग्नाचा दाखला उगाच दिला नाही. त्या पकडीचा पहिला नमुना मिस्त्रींनी खरोखरच एका लग्नपत्रिकेतून कापला. जाड पुठ्ठा, पुन्हा फुकट मिळालेला. कात्रीनं आकार काढला, नळीला टेकवून पाहिला, थोडं खरवडलं, परत टेकवलं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढा मजकूर त्या तुकड्यावर शिल्लक होता. मग तोच आकार सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर गिरवला.

शॉक नवे होते. एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत तीनशे साठ मिलिमीटर, आणि दबण्याची ताकद शंभर मिलिमीटर. मला वाटलं, आता ते शॉक लावून मापं घेणार. छे! मिस्त्रींनी शॉकला हातच लावला नाही. पट्टीचे दोन तुकडे घेतले. एकात तीनशे साठवर भोकं पाडली, दुसऱ्यात दोनशे साठवर. पहिली पट्टी लावली की शॉक पूर्ण उघडलेला, दुसरी लावली की पूर्ण दबलेला. दुसरी पट्टी लावून चाक कुठं घासतंय का, साखळी कशाला लागतेय का, हे बघून घ्यायचं. "खरा शॉक शेवटी लावायचा," मिस्त्री म्हणाले. "वेल्डिंगच्या धगीनं त्येचं रबर जळतं. नवरदेवाला मांडवाचे खांब रोवायला न्हेत न्हाईत." एवढं शहाणपण माझ्या खात्यात फायलींचे ढीग उपसूनही सापडलं नसतं.

पहिला वाद झाला तो तिरपेपणावरून. भाच्याला शॉक तीस अंश पुढं कललेले हवे होते. गाडी धावण्याच्या तयारीत असल्यासारखी दिसते म्हणे. मिस्त्रींचं मत, गाडीनं धावावं, तयारीत राहू नये. मग भाच्यानं इतिहास काढला. १९५० साली नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांना बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेसनं नवा सांगाडा दिला. तो चालवणाऱ्याला इतका मऊ वाटला, की त्याचं नावच पिसांची गादी पडलं. 'फेदरबेड' म्हणून तो आजही ओळखला जातो. त्याच्याही आधी, बहुतेक गाड्यांचं मागचं चाक सांगाड्यात घट्ट आवळलेलं असे आणि सगळी मदार सीटखालच्या स्प्रिंगांवर. (तेव्हाच्या मागं बसणाऱ्यांना माझा नमस्कार.) आणि वेलोसेट नावाच्या इंग्लिश कंपनीनं तर शॉकच्या वरच्या टोकासाठी सांगाड्यात कमानदार खाच ठेवली होती. बोल्ट सैल करायचा, शॉक पुढं-मागं सरकवायचा, परत आवळायचा. एकटा असाल तर मऊ, मागं कुणी बसलं तर कडक. मागं बसणाऱ्याचा विचार करणारी कंपनी जगात होऊन गेली, हे ऐकून मला भरून आलं.

"म्हणजे तिरपेपणानं कडकपणा बदलतो?" मी विचारलं.

भाच्यानं कागदावर हिशेब मांडला. दांड्यापासून चाकाचा आस चारशे ऐंशी मिलिमीटरवर, शॉकचं खालचं टोक चारशेवर. चारशे भागिले चारशे ऐंशी, म्हणजे शून्य पूर्णांक त्र्याऐंशी. याचा वर्ग करायचा, कारण शॉक चाकापेक्षा कमी हलतो आणि त्याचा जोरही चाकापर्यंत कमी पोचतो, असा दुहेरी तोटा. आले एकोणसत्तर शतांश. वर तीस अंशांच्या तिरपेपणाचे आणखी पाऊणपट.

गुणाकार मी केला. नोकरीत तेवढंच केलं होतं. "बावन्न टक्के," मी म्हटलं. "म्हणजे शंभर रुपयांची पॉलिसी आणि हातात बावन्न!"

मिस्त्री एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "साहेबास्नी कळ्ळं," ते म्हणाले, "आनि ह्या इंजनेराला कळंना." शेवटी तडजोड झाली. कमानदार खाच कोरणं जिकिरीचं, तेव्हा वरच्या पकडीला एका कमानीवर तीन भोकं पाडायची. एक जवळपास उभं, एक मधलं, एक तिरपं. भाच्यानं तीस अंशांचं भोक मिळवलं आणि मिस्त्रींनी ते वापरायचं नाही असं वचन मिळवलं. घरोघरी तह असेच होतात.

पकड एकेरी नको, दुहेरी हवी, हा मिस्त्रींचा दुसरा हट्ट. कित्येक गाड्यांत शॉक एका बाजूनं निघालेल्या खुंटीवर नुसता अडकवलेला असतो. मिस्त्रींनी पकड इंग्रजी यू अक्षरासारखी केली; शॉकचा डोळा मधे, बोल्ट दोन्ही भिंतींतून आरपार. "एका हातानं लोंबकळनारा मानूस आनि दोनी हातांनी लोंबकळनारा, ह्यात फरक हाय का न्हाई?" ज्यानं लोकलच्या दारात उमेदवारी केलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. चारी पत्रे एकत्र आवळून भोकं एकदमच पाडली, म्हणजे डावंउजवं एका मापाचं. पकडीखाली नळीला निमुळती होत जाणारी एक आधारपट्टी. कारण वेल्ड सहसा मधे तुटत नाही, त्याच्या कडेला नळीच चिरते, म्हणून भार एका जागी थांबू द्यायचा नाही, पसरू द्यायचा.

आणि मग वेल्डिंगचा दिवस आला.

बारा मिलिमीटरचा एक सरळ गज डाव्या पकडीतून उजव्या पकडीत आरपार घातला होता. गज थोरल्या दांड्याशी समांतर, आणि वेल्डिंगनंतरही तो बोटानं सरकला पाहिजे, ही परीक्षा. त्याचं एक टोक अर्थातच माझ्या हातात. मिस्त्रींनी तोंडावर काच धरली, रॉड खाली आणला आणि जोडापासून चांगला दोन बोटं अलीकडं टेकवला. ठिणगी उडाली. मग चाचपत चाचपत जोड शोधला.

मी भाच्याकडं पाहिलं. भाचा जमिनीकडं पाहत होता. त्याला माहीत होतं तर! मिस्त्रींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा पिकायचा होता. ज्यांनी फाईल धरायला शिकवलं, त्यांना 'तुम्ही नको' असं कुणी म्हणायचं? बारक्यानंही पाठ फिरवून उगाच ग्राइंडर पुसायला घेतला होता. मी मात्र बहिणीचा मुखत्यार. माझ्या डोळ्यांसमोरून फायली सरकायला लागल्या. त्या सगळ्या फायलींत एक वाक्य ठरलेलं असे: 'उपस्थितांपैकी कुणाच्याही हे लक्षात आले नाही.' लक्षात आलेलं असतं हो. बोललेलं नसतं.

मी गज खाली ठेवला. आयुष्यात धरलेली वस्तू मी क्वचितच आपणहून सोडली असेल. म्हटलं, "मिस्त्री, आमच्या खात्यात सही करायच्या आधी कोऱ्या कागदावर पेन चालवून बघायची पद्धत होती. तुमच्यात असं काही असतं का?"

मिस्त्रींनी काच खाली केली. बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "असतंय की. बारक्या, चार तुकडं घे."

पत्र्याच्या तुकड्यांचे दोन जोड केले, एकावर एक उभा. एक मिस्त्रींनी वेल्ड केला, एक बारक्याला करायला लावला. पक्कडशेगड्यात धरून मिस्त्रींनी स्वतः घण घेतला. उभा तुकडा वेल्डच्या बाजूला पाडायचा, म्हणजे मुळाशी काय आहे ते उघडं पडतं. आपला जोड पहिला घेतला. तिसऱ्या घावाला तो वेगळा झाला. मुळाशी लोखंड वितळलंच नव्हतं. पत्र्याची सरळ कड जशीच्या तशी चमकत होती. मग बारक्याचा घेतला. पत्रा वाकला, पार आडवा झाला, वेल्ड सुटला नाही. मिस्त्रींनी आणखी दोन घाव घातले, जरा जोरातच. सुटला नाही.

गाळ्यात कुणी बोलेना. शेजारचं लेथ तेवढं चालू होतं. मिस्त्रींनी आपला मोडलेला जोड उचलून उजेडात धरला, त्या चमकत्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कवा शिकलास रं?" त्यांनी बारक्याला विचारलं.

"तुमी च्या प्यायला जाताय तवा," बारक्या म्हणाला.

"लई च्या पितो म्हनायचा मी," मिस्त्री म्हणाले, आणि हातातली काच त्याच्या हातात दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "साहेब, तुमी बसा आता. गज हिकडं द्या."

पुढचा तासभर मिस्त्री गज धरून बसले होते आणि नुसते बोलत होते. "हितं टाका. आता पल्याड. एकाच बाजूनं मारू नको, लोखंड वढलं जातंय. थांब, थंड होऊ दे. आता खाली." आधी चार बाजूंना छोटे टाके, मग आलटून पालटून भरणं. त्यांचे डोळे मिटलेले होते म्हणा ना. वेल्डिंगच्या नुसत्या आवाजावर ते 'जरा हळू' सांगत होते. शेवटी त्यांनी एका बोटानं गज ढकलला. तो सुरीसारखा सरळ निघाला.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं फाउंड्रीतून चिरा तपासायचा रंग आणला. लाल रंग लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून टाकायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. कुठं केसाएवढी चीर असली, तरी आत मुरलेला लाल रंग पावडरीवर रेघ होऊन उमटतो. आम्ही चौघं त्या पांढऱ्या पकडींकडं दहावीच्या निकालाकडं बघावं तसं बघत राहिलो. रेघ उमटली नाही. पहिला दम मिस्त्रींनी सोडला. भाच्याला गाडीवर बसवून मोजलं. चाकाच्या एकशे वीस मिलिमीटरच्या हालचालीतले पस्तीस त्याच्या वजनानं दबले, म्हणजे हवे तेवढेच. शॉक उभ्या भोकात होते. वचन पाळलं होतं.

गाडीला मागची सीट नाही. त्यामुळं मणक्याचा अभिप्राय मला देता आला नाही, ही एक हळहळ. पण रानाच्या बांधावर उभं राहून मी तिचा पहिला फेरा पाहिला. ढेकळांवरून चाक वरखाली होत होतं आणि भाचा मात्र एका पातळीत चालला होता. येझदीचा तो जुना आवाज मागं धूर सोडत उसाच्या कडेनं गेला, तेव्हा मिस्त्रींनी डोळ्यांवरून रुमाल फिरवला. मोतीबिंदूला धूर चालत नाही.

रात्री बहिणीचा फोन. "दादा, तुझ्या देखत झालं ना सगळं?"

"माझ्या देखत."

"मजबूत आहे?"

"पत्रा वाकेल, जोड सुटणार नाही."

"वेल्डिंग मिस्त्रींनीच केलं ना?"

"करवून घेतलं. हात बारक्याचा."

"मग मिस्त्री काय करत होते?"

"ते पलीकडचं टोक धरून होते," मी म्हटलं.